युरो, ग्रीनलंड, विंग: पॅडल बदललं की ब्रेस का फसतो?

खाडीपार

एकाच कयाकवर दोन-तीन प्रकारची पॅडल आलटून पालटून वापरणाऱ्यांसाठी हा धागा. चर्चेला काहीतरी ठोस असावं म्हणून ही जोडी धरू. सी कयाक (समुद्रावरची लांब, अरुंद होडी), रुंदी ५६ सेंमी, डेक (होडीचं वरचं आवरण) मध्यम उंच. पहिलं पॅडल युरो (रुंद पात्यांचं, नेहमीचं): लांबी २१५ सेंमी, फेदर (दोन पात्यांमधला पिळाचा कोन) ६० अंश, कंट्रोल (दांडा फिरवणारी मूठ) उजव्या हाताकडे. दुसरं लाकडी ग्रीनलंड (लांबट, अरुंद पात्यांचं): लांबी तेवढीच, फेदर शून्य. पाणी कोकण किनाऱ्याचं, ऑक्टोबर ते मे. सकाळी मतलई वारा, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा.

युरोवरून ग्रीनलंडवर आलं की तीन गोष्टी हमखास होतात. पातं पाण्यात थरथरतं. डाव्या बाजूला ओढताना पातं वर येतं आणि पाणी उडतं. तिसरी सगळ्यात वाईट: डावीकडचा लो ब्रेस (होडी कलली की पात्याची पाठ पाण्यावर दाबून घ्यायचा आधार) टेकतच नाही, पातं कडेवर पडून सरळ खाली जातं. उजवीकडे मात्र काही बिघडत नाही.

हे सरावाने जातं की मापं बदलायला हवीत? फेदर किती ठेवावा? चालू फेरीत, भर पाण्यात पॅडल बदलायचं तर कसं? विंगवाल्यांनीही (वाकलेल्या पात्याचं, शर्यतीचं पॅडल) लिहा.

मतलई

"उजवीकडे काही बिघडत नाही" यातच निदान आलं. उजवा कंट्रोल म्हणजे उजवी मूठ दांड्यावर पक्की, डावी सैल. उजवं पातं या मुठीला बांधलेलं असतं, त्यामुळे फेदर ६० असो की शून्य, उजव्या बाजूचा स्ट्रोक, ब्रेस, रोल (उलटलेली होडी पॅडलने सरळ करणं) सगळं तेच राहतं. डाव्या स्ट्रोकच्या आधी मात्र उजवं मनगट मागे वळवून दांडा ६० अंश फिरवावा लागतो. हा वळसा इतका मुरलेला असतो की शून्य फेदरच्या पॅडलवरही हात तो घालतोच.

मग काय होतं? डाव्या पात्याची वरची कड मागे, म्हणजे तुमच्याकडे झुकते. अशा झुकलेल्या पात्याला ओढलं की ते वर चढतं. तुमची दुसरी तक्रार हीच. ब्रेसमध्येही तीच चूक: पाठ पाण्यावर आडवी पडायला हवी, ती तिरकी पडते आणि पातं कापत खाली जातं.

पुढे जाण्याचा स्ट्रोक १५-२० मिनिटांत सुधारतो, कारण प्रत्येक वेळी चूक दिसते. ब्रेस सुधारत नाही, कारण तो विचार करून मारायचा नसतो. लाट आली की जुना हात बाहेर येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ग्रीनलंड वापरणार असाल तर युरोचा फेदरही शून्य करा आणि कायम तोच ठेवा. पॅडल दोन चालतात, कोन दोन चालत नाहीत.

फेरूलला (पॅडलचे दोन तुकडे जोडणाऱ्या नळीला) १५-१५ अंशांच्या खाचा असतील तर ६० वरून ४५, ३०, १५ असं टप्प्याने येता येतं. बटणवाल्या साध्या फेरूलला बहुधा ० आणि ६० एवढीच भोकं असतात, तिथे थेट उडी. माझ्या मते थेट उडीच बरी. टप्प्याटप्प्यात दर वेळी नवा कोन शिकायचा आणि पुन्हा विसरायचा, हा दुहेरी खर्च.

आडवा_वारा

मतलई यांच्याशी सहमत, पण शून्य फेदरची किंमतही सांगायला हवी. समोरून १२-१५ नॉटचा वारा असेल तर शून्य फेदरचं वरचं पातं वाऱ्याला पूर्ण छातीवर घेतं. हाय अँगल स्ट्रोक (दांडा उभट धरून) असेल तर हे जास्तच जाणवतं. दुपारी उत्तरेकडे परतायचं असेल, तर वायव्येचा वारा जवळपास तोंडावरच. उपाय दोन: वरचा हात डोळ्याऐवजी हनुवटीच्या किंवा खांद्याच्या उंचीवर आणायचा, किंवा सरळ ग्रीनलंड हातात घ्यायचं. त्याचं पातं जेमतेम ९ सेंमी रुंद, वाऱ्याला धरायला काही मिळतच नाही. फेदरची गरज युरोच्या रुंद पात्याला आहे.

आता थरथर. युरोच्या पात्याच्या मधोमध उभा कणा असतो. पाणी दोन्हीकडे समान वाटलं जातं आणि पातं स्थिर राहतं. ग्रीनलंडमध्ये पात्याच्या कोनाने ते साधायचं असतं. पाण्यात जाताना पात्याची वरची कड पुढे, होडीच्या नाकाच्या दिशेने झुकलेली हवी, साधारण २० ते ४० अंश. हाच कँट. अशा पात्याला ओढलं की ते किंचित खाली जायला बघतं, म्हणजे आपोआप बुडालेलं राहतं आणि थरथर थांबते. पातं अगदी उभं धरलं की ते दोन्ही कडांवरून आळीपाळीने पाणी सोडतं आणि हलतं. म्हणजे युरोची डाव्या हाताची सवय वरची कड मागे नेते, आणि ग्रीनलंडला हवी पुढे. बरोबर उलट.

कँट मनगट मोडून आणायचा नाही. पकड अशी: अंगठा आणि तर्जनी यांचं कडं दांड्याच्या टोकाशी, जिथे पातं सुरू होतं तिथे. उरलेली तीन बोटं पात्याच्या मुळावर सैल. मनगट सरळ ठेवून बोटांची गाठ थोडी पुढे लोटली की कँट येतो. दोन्ही हातांना सारखाच, मधे वळसा नाही.

बुडबुड्यांचंही इथेच सांगतो. पातं पूर्ण बुडायच्या आधी जोर लावला की हवा सोबत आत जाते, पातं पोकळीत फिरतं आणि हाताला काही लागत नाही. आत जाऊ द्या, मग कमरेने वळा. पहिली १० मिनिटं फक्त आवाज ऐका. "डुबुक" आलं की जोर लवकर लावला. बाहेर काढताना पातं नितंबाच्या किंचित मागे जाऊ दिलं तरी चालतं. युरोसारखं तिथेच उचलायला गेलात तर पाणी उचलाल.

रत्नांगण

मापाबद्दल कुणी बोलत नाहीये. २१५ सेंमी ग्रीनलंड कुणाला? लांबी माणसावर ठरते: दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत, अधिक कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. १६५ सेंमी उंचीच्या माणसाला हे साधारण २१० येतं, १८० सेंमीवाल्याला २३० च्या आसपास. त्यातून डेक उंच असेल तर ५ सेंमी वाढवा.

लूम, म्हणजे मधला दांडा, ५० ते ५५ सेंमी. पकड साधारण खांद्यांच्या रुंदीइतकी येते. युरोवर हात ६५-७० सेंमी अंतरावर ठेवायची सवय असते, त्यामुळे नवखे लोक ग्रीनलंडची पातीच धरून बसतात आणि मग म्हणतात जोर येत नाही. पात्याची रुंदी: अंगठा आणि तर्जनीच्या पहिल्या पेरात आडवं धरता आलं पाहिजे, ८.५ ते ९ सेंमी. त्याहून रुंद केलं तर दोरी धरल्यासारखं सरकवता येत नाही आणि लांब पकडीच्या (टोक धरून करायच्या) सगळ्या हालचाली गेल्या.

कोलाडी

नदीवाल्यांची बाजू. कुंडलिकेत किंवा कुठल्याही फेसाळ पाण्यात ग्रीनलंड नेऊ नका. फेसात अर्धी हवा असते, अरुंद पात्याला पकड मिळत नाही. स्ट्रोक छोटे आणि झटक्याचे लागतात. दगडात टोक अडकलं की लाकूड गेलं. नदीला १९४ ते २०० सेंमी, ० किंवा ३० फेदर. समुद्रावर शून्य वापरत असाल तर नदीलाही शून्यच घ्या. वर जे म्हटलंय ते रॅपिडमध्ये दुप्पट खरं आहे.

तारकर्लीचा_पाहुणा

किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या सिट-ऑन-टॉपवर (वर उघड्यावर बसायची कयाक) ग्रीनलंड चालेल का?

रत्नांगण

चालेल, पण मजा नाही. ती होडी ७५-८० सेंमी रुंद. ग्रीनलंडचा स्ट्रोक खालून जातो, अंगठे काठावर आपटतात. तिथे २३० ते २४० सेंमी युरो, लांबट पात्याचं, लो अँगल. भाड्याच्या पॅडलची लांबी बहुतेक ठिकाणी २२० असते. मग थोडं पुढे सरकून ताठ बसा, बाकी इलाज नाही.

नैर्ऋत्य (पर्थ)

विंगबद्दल. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये शर्यतींसाठी हे पातं आलं आणि काही वर्षांत सपाट पाण्याच्या शर्यतीतलं बाकी सगळं मागे पडलं. इकडे सर्फस्कीवर (लांब, अरुंद, वर उघड्यावर बसायची होडी) बहुतेकांच्या हातात हेच असतं.

विंगचं पातं सरळ मागे ओढायचं नसतं. कॅच (पातं पाण्यात शिरून पकड घेतं तो क्षण) पायाच्या बोटांजवळ, होडीला अगदी लागून. तिथून पातं मागे येता येता बाहेर जातं, आणि कमरेशी येईपर्यंत होडीपासून हातभर तरी लांब पोचतं. ते तुम्ही ढकलायचं नाही. धड वळलं आणि वरचा हात डोळ्यांच्या उंचीवरून नाकाच्या रेषेपलीकडे गेला नाही, की पातं स्वतःच वाट काढतं. कमरेच्या मागे गेलं की काढायला उशीर झाला, पातं अडकून होडी वळवतं.

बदलताना अडचण दोन्ही बाजूंनी आहे.

युरोवरून विंगवर: सरळ ओढायची सवय राहते, पातं होडीच्या खाली जायला बघतं. पहिली ३० मिनिटं सपाट पाणी, निम्मा वेग. ड्रॉ, स्कलिंग, बो रडर (होडी बाजूला सरकवायचे किंवा वळवायचे स्ट्रोक) विसरा. वाकलेल्या पात्याला पाणी एकाच बाजूने नीट धरता येतं, उलट ओढलं की ते भलतीकडे पळतं. लो ब्रेस मारता येतो, पण पात्याची पुढची कड उचलून, पाण्यावरून घसरवत. तसंच दाबलं तर कड पाणी धरते आणि पातं बुडतं.

विंगवरून युरोवर: हात बाहेर जात राहतो. युरोला त्यातून काही मिळत नाही, नुसता स्वीप (होडी वळवणारा रुंद, गोलाकार स्ट्रोक) होतो आणि नाक डावी-उजवीकडे डोलतं. होडीचं नाक डोलताना दिसलं की समजा हात अजून विंगवर आहे.

फेदरबद्दल मतलई यांच्याशी थोडा मतभेद. विंगचा वरचा हात उंच असतो, तिथे शून्य फेदर वाऱ्यात त्रास देतो. शर्यतवाले ४५ ते ७० च्या दरम्यान असतात. विंगवर ब्रेस कमी आणि स्ट्रोक जास्त, म्हणून कोन वेगळा ठेवला तरी मला तो धोका तितका मोठा वाटत नाही.

मतलई

सर्फस्कीवर असाल तर ठीक. पडलात तर पुन्हा चढून बसता, स्कर्ट (कॉकपिटचं तोंड बंद करणारं आवरण) नाही, रोल नाही. बंद कॉकपिटमध्ये कंबरेला स्कर्ट आवळून बसलेल्या माणसाला डावीकडचा रोल वेगळ्या कोनात शिकवलेला असेल, तर हिशेब वेगळा होतो. विंग फेरूल बहुतेक कोनात फिरतंच. सी कयाकवर विंग घेताय? मग १५ च्या वर जाऊ नका.

टायडल_ताई

रोलचा विषय निघालाच आहे म्हणून. युरोवर स्वीप रोल करताना पात्याची पुढची कड १०-१५ अंश वर ठेवावी लागते. ती चुकली तर पातं बुडतं. ग्रीनलंडचं पातं लांब आणि दोन्ही बाजूंनी सारखं, ते तरंगतंही. कोन थोडा चुकला तरी आधार मिळतो. त्यामुळे ग्रीनलंडवर शिकलेला माणूस कोनाबद्दल आळशी होतो आणि युरोवर परतला की रोल फसतो. उलट युरोवाला ग्रीनलंडवर हाताने उचलायला जातो. तिथे पाठ मागच्या डेकवर टेकवत, डोकं सगळ्यात शेवटी. नेहमीच्या पकडीत आधार कमी पडला तर हात सरकवून मागचं टोक धरा, पूर्ण लांबी बाहेर जाईल. नव्या पॅडलने पहिली फेरी निघण्याआधी दोन्ही बाजूंना रोल झालाच पाहिजे. रोल येत नसेल तर कमरेइतक्या पाण्यात, किनाऱ्याशी, डावा लो ब्रेस २०, उजवा २०, मग डावा हाय ब्रेस (पात्याची खोलगट बाजू पाण्याकडे). डावीकडून सुरुवात, कारण बिघाड तिथे आहे. आणि डोळे मिटून.

भर पाण्यात बदलायचं तर: दुसरं पॅडल पुढच्या डेकवर. मागे ठेवलेलं उलटल्यावर हाताला लागत नाही. अखंड ग्रीनलंड असेल तर एक टोक नाकाकडच्या बंजीखाली (डेकवरच्या ताणाच्या दोरीखाली), लूम कॉकपिटच्या समोर. दोन तुकड्यांचं युरो असेल तर पाती नाकाकडे, दांडे तुमच्याकडे. जोड आधीच करून पाहिलेला, फेदरच्या खाचेवर रंगीत टेपची खूण. हलत्या डेकवर खाचेचे आकडे वाचत बसायला वेळ नसतो.

क्रम असा. नाक वाऱ्याकडे करा. सोबती असेल तर त्याची होडी बाजूला घेऊन त्याच्या डेकवर कोपर टाका. हातातलं पॅडल आडवं न ठेवता डेकच्या लांबीने बंजीखाली सारा, एक हात त्यावरच. दुसऱ्या हाताने नवं ओढा. नवं हातात पक्कं आल्यावरच जुन्यावरचा हात सोडा. दोन्ही पॅडल एकाच वेळी मोकळी, असा एक क्षणही नको. जुन्याला लीश (पॅडल बांधून ठेवणारी दोरी) असेल तर ती आधी काढा. दोन पॅडलच्या लीश एकमेकींत अडकतात, आणि सर्फमध्ये तर लीश नकोच. निघाल्यावर पहिले ५ स्ट्रोक दोन्ही बाजूंना हलके लो ब्रेस मारत.

लाटांतून किनाऱ्याला लागायच्या आधी युरो हातात असलेलं बरं. ग्रीनलंड वेग हळूहळू धरतं आणि लाट थांबत नाही.

शिवणकाठी

छान धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). थोडं अवांतर: ग्रीनलंड घरी बनवणाऱ्यांसाठी. परदेशी नकाशे वेस्टर्न रेड सीडर धरून लिहिलेले असतात, घनता साधारण ३७० किलो प्रति घनमीटर. त्या मापात पॅडल ९०० ग्रॅमच्या आसपास बसतं. तीच मापं सागवानात कापली तर सुमारे १.६ किलो. दिवसभरात हजारो वेळा उचलायचं असतं ते. शिवण किंवा हलका पाइन घ्या, सागाच्या जवळपास दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश वजनात काम होतं. गाठ नसलेली फळी, आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ. कडेवरून रेषा पळाली तर पातं तिथेच तुटतं.

कालवांचे खडक आपल्या खाडीत सगळीकडे, टोकं महिन्याभरात कुरतडली जातात. टोकाच्या ५ सेंमीला इपॉक्सी, बाकीला उकळलेलं जवसाचं तेल. वार्निश नको, हात सरकत नाही. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पूर्वा_प

सगळे बदला-बदला म्हणताहेत. एकच पॅडल धरून राहिलं तर काय बिघडतं?

आडवा_वारा

काही बिघडत नाही, मनगट साथ देत असेल तर. अंगठ्याच्या मुळाशी दुखणं हे एक. मनगटाच्या वर तीन-चार बोटांवर, हाताच्या पाठीकडच्या बाजूला सूज आणि हात हलवताना करकर जाणवणं हे दुसरं. दुसरं दिसलं की त्याच दिवशी थांबायचं. ही कंडरांची सूज आहे, वल्हवत राहून ती जात नाही. दोन्हींची मुख्य कारणं घट्ट पकड, मोठं पातं, आणि ६०-७० अंश फेदरमुळे दर स्ट्रोकला होणारा मनगटाचा वळसा. मोठ्या युरोवरून ग्रीनलंडवर आलं की कॅचचा झटका आणि वळसा दोन्ही जातात. पण ग्रीनलंडला स्ट्रोकचा ठेका थोडा जलद लागतो, म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत खांदे बोलतात. निम्मं अंतर एकाने, निम्मं दुसऱ्याने, अशी सुरुवात करा.

खाडीपार

फेदर शून्य करायला गेलो तर फेरूलच जाम. काही उपाय?

टायडल_ताई

वाळू आणि मीठ. तेल, ग्रीस, स्प्रे काहीही आत मारू नका, त्याला वाळू आणखी चिकटते. बटण आत दाबून ठेवा, जोड कोमट गोड्या पाण्यात १५ मिनिटं बुडवा. मग दोघांनी समोरासमोर बसून फक्त पिळायचं. ओढायचं नाही, एकदम सुटलं की पातं तोंडावर येतं. सुटल्यावर आतून ओल्या कापडाने पुसा. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही तुकडे वेगळे करूनच ठेवायचे.

तारकर्लीचा_पाहुणा

शेवटचं: भाड्याच्या पॅडलवर कंट्रोल उजवा की डावा हे लिहिलेलं नसतं. ओळखायचं कसं?

मतलई

पॅडल समोर आडवं धरा, उजवं पातं उभं, खोलगट बाजू तुमच्याकडे. आता डाव्या पात्याकडे बघा. त्याची खोलगट बाजू आकाशाकडे असेल तर उजवा कंट्रोल, जमिनीकडे असेल तर डावा. तीही तुमच्याकडेच असेल तर फेदर शून्य आहे, सरळ वल्हवायला लागा.